माझाच लेख, आणि विचारणा मलाच – "हा कुठून घेतलात?"

सांजवात
३ जून, संध्याकाळ

इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. कायद्यातलं मला कळत नाही, म्हणून घडलं ते क्रमाने सांगते. लांबण लागेल, पण मधलं गाळलं तर माझा प्रश्नच कळणार नाही.

माझ्या आईला स्मृतिभ्रंश होता. आठ वर्षं. त्यातली साडेसहा वर्षं ती माझ्याजवळ होती, शेवटी मला झेपेना म्हणून तिला केअर सेंटरमध्ये ठेवलं. तिला तिथे सोडून आले त्या दिवसावर मी एक लेख लिहिला, 'घड्याळ सात मिनिटं पुढे'. जेमतेम बाराशे शब्द, पण लिहायला सात महिने लागले, कारण दर वेळी त्या फाटकापाशी आले की हात थांबायचा.

आई शाळेत शिकवायची. उशीर होऊ नये म्हणून घरातलं घड्याळ कायम सात मिनिटं पुढे ठेवायची. पाच नाही, दहा नाही, सात. पुढे ती माझं नाव विसरली, आपण जेवलो की नाही ते विसरायला लागली, पण सेंटरच्या खोलीत पाऊल टाकलं आणि भिंतीकडे बघून म्हणाली, "हे मागे आहे." लेखाच्या शेवटी मी फाटकाबाहेर येते, मनगटावरचं घड्याळ सात मिनिटं पुढे करते, घरी जाते आणि कित्येक वर्षांनी त्या रात्री सलग झोपते. झोप लागली याची लाज वाटली आणि वाटली नाहीही, असं शेवटचं वाक्य आहे. १३ मार्च २०२२ ला तो ब्लॉगवर टाकला. जुलैमध्ये आई गेली.

पुढच्या वर्षी आतेबहिणीने एक फॉरवर्ड पाठवला. सोबत लिहिलं होतं, "वाच, तुला मामीची आठवण येईल." दुसऱ्या ओळीलाच माझे हात गार पडले. माझा लेख होता. पहिला परिच्छेद उडवलेला, मथळा 'आईचं घड्याळ', खाली 'लेखक अज्ञात'. इथवरही मी गिळलं असतं. पण माझा शेवट कापून तिथे कुणीतरी लिहिलं होतं: "मित्रांनो, जिने आपल्याला वेळेचं भान दिलं तिला परक्या दारात सोडून येणाऱ्या मुलांना देव तरी क्षमा करेल का? आईवडिलांना कधीही दूर करू नका. पटलं तर पुढे पाठवा."

माझ्या आईबद्दलच्या माझ्याच शब्दांनी मला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं. बहिणीला मी त्या दिवशी काही बोलले नाही. "हो, आली आठवण," एवढंच लिहिलं.

नंतर शोधलं तर सात-आठ ठिकाणी सापडला. एका व्हिडिओ चॅनलवर मागे संगीत लावून वाचलाय. तिथे आईच्या जागी सासूबाई आहेत, आणि 'लेखन' म्हणून चॅनल चालवणाऱ्या बाईंचं नाव. चार लाखांवर लोकांनी तो ऐकलाय. मी तो व्हिडिओ पूर्ण बघितला. वाचणाऱ्या बाईंचा आवाज चांगला आहे, मध्येच भरूनही येतो. "हे मागे आहे" या वाक्याला त्या थांबतात, अगदी जिथे थांबायला हवं तिथे. त्यामुळे जास्तच तुटलं आत.

गेल्या महिन्यात एका वेब-मासिकाने सेवा-शुश्रूषेवरच्या विशेषांकासाठी लेख मागवला. जुना चालेल म्हणाले, म्हणून मी हाच पाठवला. चार दिवसांनी निरोप आला: तपासणीत ९१ टक्के साम्य आढळलं आहे, हा मजकूर आपण कुठून घेतलात, कृपया स्वतःचं लेखन पाठवावे.

तर माझे प्रश्न. लेख माझा आहे हे मी दाखवू कसं? चॅनलकडे मी नेमकं काय मागू शकते? आणि जो मला सगळ्यात छळतोय तो प्रश्न असा की त्या फॉरवर्डखाली मला माझं नाव नको आहे. तो शेवट माझा नाही, माझ्या विरुद्ध आहे. माझं नाव मला हवंय ते माझ्या शेवटासकट. असं काही मागता येतं का? पैशाचा विषय यात नाही.

---

टंकक
३ जून, रात्री

सांजवातताई, आधी त्या ९१ टक्क्यांचं बोलतो. ई-पुस्तकांच्या एका प्रकाशनात मजकूर तपासायचं काम करतो, अशी सॉफ्टवेअर रोज हाताळतो. ती मजकुराचे सलग शब्दांचे तुकडे पाडतात आणि आपल्या साठ्यातल्या पानांशी ताडून बघतात. किती जुळलं एवढंच त्यांना सांगता येतं. आधी कुणी लिहिलं हे त्यांना ठाऊक नसतं, कारण एखादं पान त्यांच्या साठ्यात कधी आलं ही तारीख वेगळी आणि मजकूर कधी लिहिला गेला ही वेगळी. आकडा आल्यावर ती यादी उघडून बघणं हे माणसाचं काम होतं, आणि ते त्या मासिकात कुणी केलेलं दिसत नाही. त्यांच्याकडून पूर्ण अहवाल मागा. जुळलेल्या पानांचे पत्ते त्यात असतात. बहुधा तुमचा ब्लॉगही त्यातच असेल.

पुराव्यासाठी ब्लॉगवरच्या तारखेवर एकट्यावर विसंबू नका. बहुतेक ठिकाणी ती लेखकाला मागेपुढे करता येते आणि समोरचा पहिल्यांदा तेच म्हणेल. इंटरनेट अर्काइव्हचं वेबॅक मशीन वेबपानांच्या जुन्या प्रती जपतं, तिथे तुमच्या लेखाचा पत्ता टाकून बघा. तिथे प्रत जपलेली असली तर तिच्या पत्त्यात १४ आकडे दिसतील: वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद, जागतिक प्रमाणवेळेनुसार. ती तारीख तुम्हालाही बदलता येत नाही, उचलणाऱ्यालाही नाही. त्याशिवाय लेख ईमेलने जाणारे वाचक असतील तर कुणाच्या तरी पेटीत तो मेल पडून असेल. कच्चा मसुदा कुणाला वाचायला पाठवला होता का? ऑनलाइन लिहित असाल तर आवृत्त्यांचा इतिहास जपला जातो. सात महिने लिहीत होतात म्हणता, मग खाडाखोड असणारच. ज्याने उचललाय त्याच्याकडे फक्त शेवटचा, तयार मजकूर असतो. खोडलेली वाक्यं त्याच्याकडे कुठून येणार?

एक कळकळीची विनंती: चॅनलला किंवा कुणालाही निरोप पाठवायच्या आधी सगळ्या प्रती जपून ठेवा. पत्ता, तारीख, वेळ, लेखकाच्या जागी टाकलेलं नाव हे सगळं दिसेल असे पूर्ण पानाचे स्क्रीनशॉट. खालच्या टिप्पण्याही. त्या पानांच्या प्रतीही वेबॅकवर जपून घ्या, तशी सोय तिथे आहे. आमच्या एका लेखिकेने रागाच्या भरात आधी मेल केला, तासाभरात पान गायब झालं आणि मग "आमच्याकडे असं काही नव्हतंच" असं उत्तर आलं.

---

कलमदान
४ जून, सकाळ

टंकक यांनी पुराव्याचं नीट सांगितलंय. मी वकिली करते, कायद्याची बाजू मांडते. कागद न बघता दिलेला सल्ला आहे, तेवढं लक्षात ठेवा.

लेख लिहून झाला त्या क्षणी त्यावरचा हक्क तुमचा झाला. नोंदणी लागत नाही, वर्तुळातल्या 'सी'चं चिन्हही लागत नाही. १८८६ चा बर्न करार हा लेखकांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार, त्याचं हे एक मुख्य तत्त्व आहे. आज १८० हून जास्त देश त्यात आहेत, त्यामुळे चॅनल कुठून चालतं यावर तुमचा हक्क अवलंबून नाही. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे आणि लेखकाच्या हयातीनंतरही ६० वर्षं हक्क टिकतो. नोंदणी केलीत तर कलम ४८ नुसार ती प्रथमदर्शनी पुरावा धरली जाते, म्हणून पुढे दावा लावायचा विचार असेल तर करून ठेवावी. लेख वाचून त्याचं ध्वनिमुद्रण करणं हाही लेखकाचाच हक्क आहे. आम्ही छापलं नाही, फक्त वाचलं, हा बचाव चालत नाही.

आता तुमचा तिसरा प्रश्न. तो कायद्यालाही सुचलेला आहे, कलम ५७. लेखकाचे विशेष हक्क असं त्याला म्हणतात. एक, हे लेखन माझं आहे असं सांगण्याचा. दुसरा, लेखनाची मोडतोड किंवा फेरफार करून लेखकाच्या मानाला वा लौकिकाला बाधा येत असेल तर ते थांबवण्याचा आणि नुकसानभरपाई मागण्याचा. बर्न करारात हे १९२८ साली आलं. लेखाचे बाकीचे सगळे हक्क एखाद्या प्रकाशकाला विकलेत तरी हे दोन तुमच्याकडे राहतात. ज्या लेखात तुम्ही आईला सेंटरमध्ये ठेवल्याचं प्रामाणिकपणे लिहिलंत, त्याच लेखाला तसं करणाऱ्यांचा धिक्कार करणारा शेवट चिकटवणं हे या दुसऱ्या हक्काचं उल्लंघन आहे असं माझं स्पष्ट मत आहे. तेव्हा "नाव हवंय, पण माझ्या शेवटासकट" हा हट्ट समजू नका. कायद्याने तो तुमचा अधिकार आहे.

त्याच्या जोडीला कलम ६५-बी बघा, २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं. लेखकाचं नाव, लेखाचं शीर्षक अशी मजकुरासोबतची हक्कांची माहिती जाणूनबुजून काढून टाकणं हा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अडचण 'जाणूनबुजून' या शब्दात आहे. नाव नेमकं कुणी कापलं हे फॉरवर्डच्या बाबतीत शोधणं फार कठीण. चॅनलचं तसं नाही, तिथे दुसरं नाव लावलेलं समोर दिसतंय.

मजकूर उतरवायचे मार्ग दोन. मोठ्या मंचांचे आपापले तक्रार-अर्ज असतात, बहुतेक अमेरिकेच्या १९९८ च्या 'डीएमसीए' या डिजिटल कॉपीराइट कायद्यावर बेतलेले. तुमच्या तक्रारीवर मजकूर उतरतो. समोरच्याने प्रतिदावा केला आणि तुम्ही कोर्टात गेल्याचं कळवलं नाहीत, तर १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत तो परत चढू शकतो. दुसरा मार्ग आपल्या कायद्यातला, कलम ५२ आणि २०१३ च्या नियमांतला नियम ७५. लेखी तक्रार मिळाल्यावर मंचाने ३६ तासांत मजकूर बंद करायचा असतो. पण २१ दिवसांत तुम्ही न्यायालयाचा आदेश आणला नाहीत तर तो पुन्हा सुरू करायची त्यांना मुभा आहे, आणि दावा दाखल करीन अशी हमी तक्रारीतच द्यावी लागते. ती हमी नुसती सही म्हणून देऊ नका. दावा तुम्ही राहता तिथल्याच जिल्हा न्यायालयात लावता येतो, कलम ६२ ने तेवढी सोय केली आहे.

पण हे दोन्ही मार्ग मजकूर उतरवतात, नाव लावून देत नाहीत. नाव लावायला चॅनलवाली बाई तरी तयार व्हायला हवी, नाहीतर न्यायाधीशांनी तसा हुकूम द्यायला हवा. म्हणून पहिला निरोप त्या बाईंनाच जावा, आणि त्यात काय हवं ते एकाच वाक्यात असावं.

---

चौथा_माणूस
४ जून, दुपार

ताई, तुमच्याबद्दल पूर्ण सहानुभूती ठेवून एक वेगळी बाजू मांडतो. गैरसमज नसावा.

माझे वडीलही घड्याळ पुढे ठेवायचे. पाच मिनिटं. उद्या मी त्यांच्यावर लिहिलं आणि त्यात घड्याळ आलं, तर ते तुमचं चोरलं असं होईल का? अनुभव सगळ्यांचे सारखेच असतात हो. म्हातारपण, विसरणं, फाटकातून परत फिरणं. माझ्या भावाने आमच्या वडिलांसोबत हेच केलंय. अशा लेखांवर मालकी सांगायला लागलो तर लोक लिहायला बिचकतील अशी मला खरंच काळजी वाटते.

दुसरं, फॉरवर्ड करणारा चाळिसावा माणूस. त्याच्याकडे लेख आला तोच नावाशिवाय. त्याने चांगल्या मनाने पुढे ढकलला. त्याला चोर म्हणायचं का? तुमच्या आतेबहिणीला म्हणाल?

---

कलमदान
४ जून, संध्याकाळ

चौथा_माणूस, पहिल्या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालय तुमच्याच बाजूने आहे. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स, १९७८. कल्पना, विषय, कथाबीज यांवर कुणाचा हक्क नसतो, तो असतो मांडणीवर. घड्याळ पुढे ठेवणाऱ्या वडिलांवर तुम्ही जरूर लिहा, तुमच्या शब्दांत. दोन्ही वाचून झाल्यावर वाचकाला दुसरं पहिल्याची नक्कल वाटतं का, ही साधारण कसोटी. इथे तर वाक्यच्या वाक्यं तीच आहेत आणि ज्या फक्त तिलाच माहीत होत्या त्या सात मिनिटांसकट आहेत.

दुसऱ्या मुद्द्यावर थोडी फोड करायला हवी. कॉपीराइटचा भंग आणि वाङ्मयचौर्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हक्क संपलेल्या शंभर वर्षांपूर्वीच्या कवितेखाली मी माझं नाव घातलं तर कॉपीराइटचा भंग होत नाही, चोरी मात्र होते. उलट तुमचा अख्खा लेख 'साभार' लिहून, तुमच्या नावासकट, न विचारता छापला तर चोरी नाही, पण कॉपीराइटचा भंग आहे. चाळिसावा माणूस कायद्याने सुटत नाही, पण कुणी त्याच्यामागे लागत नाही आणि लागूही नये. ज्याने पहिल्यांदा नाव कापलं आणि ज्याने शेवट बदलला, त्यांची गोष्ट वेगळी.

वाङ्मयचौर्यासाठीचा इंग्रजीतला 'प्लेजिअरिझम' हा शब्द लॅटिनमधल्या ज्या शब्दावरून आला त्याचा मूळ अर्थ माणसं पळवणारा. पहिल्या शतकातल्या मार्शल नावाच्या रोमन कवीने आपल्या कविता स्वतःच्या म्हणून वाचणाऱ्याला तो शब्द लावला. सांजवातताईंच्या आईची कुणाची तरी सासू झाली हे वाचलं तेव्हा मला तो मूळ अर्थच आठवला.

---

सांजवात
४ जून, रात्री

सगळ्यांचे मनापासून आभार. कलमदान, माणसं पळवणारा हे वाचून मी उठून बाहेर जाऊन आले. तसंच वाटत होतं, फक्त त्याला शब्द नव्हता.

चौथा_माणूस, तुमचा राग नाही. आतेबहिणीला चोर म्हणणार नाही, तिला तर तो वाचून माझी आईच आठवली. लोकांनी लेख पुढे पाठवू नये असंही मला वाटत नाही. उलट पाठवावा. माझ्यासारखी एखादी बाई रात्री तीन वाजता आईच्या खोलीबाहेर बसून तो वाचत असेल, तर मी लिहिला त्याचं सार्थक आहे. पण तिच्या हातात माझा शेवट पडायला हवा. तिला जर तो दुसरा शेवट मिळाला तर तिचं काय होईल, हा विचार मला झोपू देत नाही.

एक विचारते. पाठवा, पण नाव ठेवा आणि काही बदलू नका, असं आधीच सांगून ठेवायची काही रीत आहे का?

---

टंकक
५ जून, सकाळ

आहे. क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने, २००२ पासून आहेत. तुम्हाला हवा तो 'बाय-एनसी-एनडी' नावाचा, सध्याची आवृत्ती ४.०. नाव देणं बंधनकारक, धंद्यासाठी वापर नाही, आणि बदललेली प्रत वाटायची नाही. एवढं पाळलं तर विचारायलाही नको. लेखाच्या खाली एका ओळीत लिहायचं आणि परवान्याचा दुवा द्यायचा. मात्र एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही. ज्याला मिळाला त्याच्याकडे तो राहतो, तेव्हा घाई नको.

आणि नाव फक्त तळाशी ठेवू नका, तळ कापणं सगळ्यात सोपं. पहिल्या दोन-तीन वाक्यांत, मजकुराच्या पोटात कुठेतरी येऊ द्या. आई तुम्हाला हाक मारते असं एखादं वाक्य असेल तर उत्तमच. माउसचं उजवं बटण बंद करणं वगैरे करू नका, त्याने फक्त वाचकाला त्रास होतो. उचलणारा स्क्रीनशॉट काढतो.

---

रानजाई
५ जून, दुपार

लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. मी पाच वर्षं वाचनीय लेखांचं एक पान चालवत होते. ग्रुपवर आलेलं आवडलं की टाकायचे, खाली 'साभार' लिहायचे. कुणाचे आभार ते लिहायला नाव नसायचं. शेवटी चांगला विचार हवा म्हणून दोनदा-तीनदा मी स्वतःच्या दोन ओळीही जोडल्या आहेत. तुमच्या लेखाला जोडल्या नाहीत, तो माझ्याकडे आला नव्हता. पण आला असता तर जोडल्या असत्या. हे तुम्हाला सांगायलाच हवं असं वाटलं.

मला थांबवलं ते एका लेखकाच्या निरोपाने. त्याआधी दोघांनी शिव्या घातल्या होत्या, त्यांना मी सरळ ब्लॉक केलं. या माणसाने तीनच गोष्टी पाठवल्या: मूळ लेखाचा दुवा, दोन्हीकडचा एकेक परिच्छेद शेजारी शेजारी ठेवलेला फोटो, आणि खाली "हा लेख माझ्या मुलाबद्दल आहे. माझं नाव आणि मूळ लेखाचा दुवा रविवारपर्यंत लावाल का?" दिवस ठरवून दिला होता. मी त्याच रात्री लावलं. पण मूळ पोस्ट आठ हजार लोकांनी पाहिली होती आणि दुरुस्तीची पोस्ट दोनशेनी. ते काही माझ्याने भरून निघालं नाही. पुढे पान बंद केलं.

चॅनलच्या बाईंना असाच निरोप पाठवून बघा. कदाचित त्यांनाही तो कुठून तरी आयताच मिळाला असेल, सासूबाईंसकट.

---

सांजवात
२९ जून

काय झालं ते सांगायला आले.

वेबॅकवर माझ्या लेखाची प्रत होती, ९ एप्रिल २०२२ ची. कुणी जपली माहीत नाही, मी तर नाही. धाकट्या भावाला मसुदा मेलने पाठवला होता तोही सापडला, नोव्हेंबर २०२१ चा. त्यात शेवट वेगळाच आहे, मी विसरूनच गेले होते. हे दोन्ही मासिकाच्या संपादकांना पाठवलं. त्यांनी अहवाल उघडून बघितला, तर जुळलेल्या पानांत पहिलं पान माझ्याच ब्लॉगचं होतं. त्यांनी फोन करून माफी मागितली. लेख घेताहेत, आणि खाली दोन ओळींत लिहिणार आहेत की हा लेख बदललेल्या शेवटासह निनावी फिरतो आहे, मूळ लेख हा.

चॅनलच्या बाईंना रानजाई म्हणाल्या तसाच निरोप पाठवला. "हा लेख माझ्या आईबद्दल आहे" हे वाक्य मी तसंच घेतलं, रागावणार नाही ना? आठ दिवसांची मुदत दिली. निरोप वाचल्याची खूण आली, उत्तर आलं नाही. मग मंचाचा अर्ज भरला. पाचव्या दिवशी व्हिडिओ उतरला. प्रतिदावा अजून आलेला नाही.

सुटल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं, तसं झालं नाही. त्या व्हिडिओखाली सहाशेवर टिप्पण्या होत्या. लोकांनी आपापल्या आयांबद्दल लिहिलं होतं. एकाने लिहिलं होतं की त्याची आई फक्त दळणाच्या डब्याचा आवाज ओळखते. त्या माझ्या लेखावरच्या होत्या आणि व्हिडिओबरोबर गेल्या. टंकक, तुम्ही टिप्पण्यांचेही स्क्रीनशॉट घ्या म्हणालात म्हणून दोनशेएक माझ्याकडे आहेत. मला जे हवं होतं ते नाव होतं, आणि त्या बाई दोन शब्द लावायला तयार झाल्या असत्या तर त्यांच्या आवाजातला तो व्हिडिओ मी राहू दिला असता. शेवट तेवढा माझा वाचायला सांगितला असता.

फॉरवर्डचं म्हणाल तर मी आतेबहिणीला सगळं सांगितलं. ती रडली, मग ज्यांनी तिला पाठवला होता त्यांचा नंबर तिनेच दिला. अशी मी मागे मागे चार माणसांपर्यंत गेले. चौथे म्हणाले, कुठल्याशा ग्रुपवर आला होता, तो ग्रुप आता सोडला. तिथे वाट संपली. पण तिसऱ्या गृहस्थांनी विचारलं, "मग मूळ शेवट काय आहे?" मी दुवा पाठवला. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. त्यांच्या वडिलांना सेंटरमध्ये ठेवायचं की नाही यावरून भावाभावांत वाद चालला होता, आणि त्यांच्या मोठ्या भावाने तो फॉरवर्ड त्यांना ऐन वादात पाठवला होता, "वाच आणि लाज बाळग" म्हणून. त्यांनी तेव्हा निर्णय बदलला. वर्षभर वडील घरीच होते. गेल्या महिन्यात त्यांच्या बायकोचं मनक्याचं ऑपरेशन झालं, वडिलांना उचलून उचलून. हे ते अगदी साध्या आवाजात सांगत होते. मी काय बोलणार? मी म्हटलं, तो शेवट मी लिहिलेला नाही. ते म्हणाले, "हो, आता कळलं."

लेखाखाली टंकक यांनी सांगितलेला परवाना लावलाय, दोन आठवडे विचार करून. नाव मात्र मजकुरात घातलं नाही. आई मला हाक मारते असं वाक्य त्या लेखात नाही, ती माझं नाव विसरली होती.

कलमदान, नोंदणीचा अर्ज भरायला घेतलाय. त्यात नोव्हेंबर २०२१ चा मसुदाही जोडायचा असतो, की फक्त प्रसिद्ध झालेला मजकूर?